वरचा विस्तव

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी दुपारी ओहायोतल्या डब्लिन या कोलंबसच्या उपनगरात एका दुमजली घराच्या स्वयंपाकघरातून धूर निघाला. शेजाऱ्यांनी फायर डिपार्टमेंटला फोन केला. बंब आला तेव्हा घराच्या मालकीणबाई, म्हणजे काकू, पोर्चवर ताटली घेऊन उभ्या होत्या आणि जेवत होत्या.

ओव्हनचा ब्रॉयलर, म्हणजे वरून आच देणारी तार, चालू राहिला होता. भाताचं भांडं बाहेर काढलेलं होतं, पण ते धरायचं फडकं आत रॅकवरच विसरलं होतं. फडकं जळलं. बाकी नुकसान झालं नाही. जवानांनी ओव्हन बंद केला, खिडक्या उघडल्या. काकूंनी त्यांना जेवायला थांबायचा आग्रह केला. त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं. जाताना एकाने विचारलं, “मॅम, डू यू लिव्ह अलोन?”

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं. “नो. शी लिव्ह्ज अंडर मी.”

हे खरं होतं. मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. नोकरी शिफ्टची होती, त्यामुळे घरी असण्याच्या वेळा ठरलेल्या नव्हत्या. मार्चमध्ये मला क्लीव्हलंडला नव्या नोकरीवर रुजू व्हायचं होतं, हेही काकूंना माहीत होतं.

संध्याकाळी त्यांच्या मुलीचा, रेवाचा, सिएटलजवळच्या बॉथेलहून फोन आला. रेवा तिथे एका बायोटेक कंपनीत काम करते. फोन स्पीकरवर होता, कारण काकूंना फोनवर बोलताना दोन्ही हात मोकळे लागतात.

“आई, धिस इज द सेकंड टाइम.”

“पहिल्यांदा नुसता वास आला होता.”

“आई!”

“तू जेवलीस का?”

रेवाने त्यानंतर जे सांगितलं ते थोडक्यात असं: डॉक्टरांकडे जायचं, तपासणी करायची. काकू एकट्या राहू शकतात असं ठरलं तर घर राहील. नाही ठरलं तर वसंतात घर विकायचं आणि काकूंनी बॉथेलला यायचं.  काकू व्हॅक्यूम क्लीनर सुरू करून दुसऱ्या खोलीत गेल्या. रेवा बराच वेळ व्हॅक्यूमशी बोलत राहिली.

काकूंना बसलेलं मी क्वचितच पाहिलं. त्या उभ्याने जेवायच्या, चालता चालता पेपर वाचायच्या, टीव्हीवर मालिका लागली की तिच्यासमोर कपडे वाळत घालायच्या. कुणाकडे गेल्या की चहा यायच्या आत “चला” म्हणून उठायच्या. घरातला सोफा महिन्याकाठी जागा बदलायचा. दिवे न लावता मी जिना चढले की गुडघा कशावर तरी आपटायचा आणि वरून आवाज यायचा, “तिथे आता कपाट आहे गं.”

बसायची जागा त्यांना एकच होती आणि ती जमिनीपासून वीतभर उंच होती. लाकडाचा एक घडीचा पाट, त्याला पुढे लोखंडी पातं, पात्याच्या टोकाला दाते. आपल्याकडच्या खवणीची ती सख्खी बहीण म्हणता येईल. स्वाहिली बायका तिला म्बुझी म्हणतात, म्हणजे शेळी. काकू तिच्यावर एका बाजूने बसून नारळ खवायच्या. रेवा पहिलीत असताना वर्गात सांगून आली होती की माय मॉम सिट्स ऑन अ गोट टु मेक डिनर. शाळेतून फोन आला. काकू म्बुझी घेऊन शाळेत गेल्या आणि वर्गासमोर नारळ खवून दाखवून आल्या. दुसऱ्या दिवशी शाळेतून पुन्हा फोन आला, या वेळी पात्याबद्दल.

त्यांचा जन्म झांझिबारचा. वडील रत्नागिरीकडचे, बंदरावर कारकून. ज्या घरात बिऱ्हाड होतं, तिथलं अंगण दोन कुटुंबांचं होतं. पलीकडे बी साल्मा नावाची स्वाहिली बाई राहायची. तिच्याकडून काकूंची आई तिथला स्वयंपाक शिकली आणि आईच्या हाताखाली काकू. नारळाच्या दुधातला भात, नारळाच्या दुधातली तूर, कसाव्याची पानं कुटून केलेली भाजी, चिंचेतला मासा. मग चौसष्ट साली तिथे सुलतानाविरुद्ध क्रांती झाली आणि कुटुंब पुण्याला आलं. पुण्यात आईने ते सगळं बंद केलं. शेजारणी वास घेऊन विचारायच्या, हे काय शिजतंय, आणि आईला उत्तर द्यायचा कंटाळा यायचा. काकूंनी ते पुन्हा सुरू केलं ते लग्न होऊन ओहायोत आल्यावर. त्यांचे यजमान, डॉक्टरकाका, नागपूरचे होते. त्यांना तिखट लागायचं. ते भातावर ठेचा घेऊन निमूट जेवायचे.

महाराष्ट्र मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एक पदार्थ आणायच्या जेवणाला, काकू नेहमी तूरच न्यायच्या. अख्खी तूर रात्रभर भिजवून, शिजवून, कांदा-टोमॅटो आणि चिमूटभर हळद घालून नारळाच्या दुसऱ्या, पातळ दुधात उकळायची. पहिलं, घट्ट दूध अगदी शेवटी. फोडणी नाही. लोक वाढून घेताना म्हणायचे, “अरे वा, तुरीची उसळ!” आणि काकू वाढता वाढता दुरुस्त करायच्या.

“उसळ नाही. म्बाझी.”

“काकू, वरून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिली तर काय लागेल!”

“देऊन बघा. मग मला खायला बोलवू नका.”

दुरुस्त करणं हा त्यांचा स्वभाव होता आणि तो स्वतःलाही लागू होता. एका पॉटलकला सगळ्यांनी फार कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी काकूंनी यजमानीणबाईंना फोन केला. “काल मी दूध डब्यातलं वापरलं होतं. नारळ खवट निघाला. तुम्ही कौतुक केलंत तेव्हा बोलले नाही, ते बरोबर झालं नाही.” यजमानीणबाई म्हणाल्या, अहो काकू, कळलंसुद्धा नाही. “म्हणूनच फोन केला,” काकू म्हणाल्या. मग ज्यांनी ज्यांनी कौतुक केलं होतं त्या सगळ्यांना त्यांनी फोन केले.

नारळ खवट निघू नये म्हणून त्यांची पद्धत अशी होती. दुकानात उभं राहून एकेक नारळ कानाशी हलवायचा. घेतलेला नारळ पार्किंग लॉटमध्येच फोडायचा. त्यासाठी गाडीच्या डिकीत एक दगड असायचा. खवट निघाला तर दोन्ही वाट्या घेऊन पुन्हा आत, काउंटरवर. काही दुकानांनी त्यांना नारळ विकणं बंद केलं होतं. एका नारळासाठी त्या सगळं कोलंबस फिरायच्या आणि शेवटी झुहुराच्या दुकानात पोचायच्या.

झुहुरा मोंबासाची. शहराच्या उत्तरेला तिचं किराण्याचं दुकान आहे आणि मागे एक छोटं स्वयंपाकघर. काकूंना ती बी म्कुब्वा म्हणायची, म्हणजे थोरल्या बाई, पण त्यापुढचं बोलणं थोरल्यांशी बोलावं तसं नसायचं. दोघी स्वाहिलीत भांडायच्या आणि काकू मला मराठीत सांगत जायच्या.

“ती म्हणते, झांझिबारच्या लोकांना हळद जास्त झाली.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी म्हटलं, मोंबासाच्या लोकांना पाणी जास्त झालं. दूध तिसऱ्यांदा पिळतात.”

झुहुरा काउंटरपलीकडून हसायची. तिला मराठी येत नव्हतं, पण मोंबासा हा शब्द कळायचा.

धूर झाल्यानंतरच्या आठवड्यात आम्ही तिथे गेलो तेव्हा काकूंनी तिला सगळं सांगितलं. झुहुराने विचारलं, ब्रॉयलर कशाला लागतो भाताला? काकूंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने भाताला तांदूळ कशाला असं विचारलं होतं. मग झुहुराला लक्षात आलं आणि तिने कपाळाला हात लावला.

ती पद्धत अशी आहे. स्वाहिली घरात भात कोळशाच्या शेगडीवर होतो. नारळाचं दूध तांदळात आटलं की खालचे निखारे चिमट्याने काढायचे आणि भांड्याच्या झाकणावर ठेवायचे. उरलेला भात वरच्या विस्तवावर होतो, दाणा सुटा राहतो, तळ लागत नाही. मग भांडं बाजूला घेऊन वाढायचं. निखाऱ्यांचं कुणी काही करत नाही. घर जेवत असतं तेव्हा त्यांची आपोआप राख होते.

ओहायोत कोळसा नव्हता. काकू शेवटच्या टप्प्याला भांडं ओव्हनमध्ये ब्रॉयलरखाली ठेवायच्या. चव जवळपास तीच यायची, असं त्या म्हणायच्या. भात झाला की भांडं काढायचं, वाढायचं, जेवायचं. बटणाचा विचार त्या क्रमात कुठेच नव्हता.

“मग इतकी वर्षं कोण बंद करत होतं?” झुहुराने विचारलं.

काकू नारळ हलवत होत्या. त्या थांबल्या.

“डॉक्टर,” त्या म्हणाल्या.

मी ते पाहिलेलं होतं. ताटं वाढली जात असताना डॉक्टरकाका ओव्हनकडे पाठ करून उभे राहायचे, हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि त्यांचा एक हात पाठीमागे असायचा. उघड बंद केलं तर काकू म्हणायच्या, मला माझं स्वयंपाकघर शिकवू नका. डॉक्टरकाका आदल्या वर्षी वारले.

झुहुरा स्वाहिलीत काहीतरी बोलली. हे मात्र काकूंनी लगेच भाषांतर करून सांगितलं नाही. गाडीत बसल्यावर, सिग्नलला थांबलो असताना, त्या म्हणाल्या, “ती म्हणाली, तुझं डोकं नाही बिघडलं. तुझा माणूस गेलाय.”

उपाय झाले. रेवाने ओव्हन ठरावीक वेळाने आपोआप बंद करणारं एक यंत्र पाठवलं. त्याने भात अर्धाकच्चा असतानाच ओव्हन बंद केला. काकूंनी ते काढून गराजमध्ये ठेवलं. टायमर आणला. तो वाजला की काकू तो बंद करायच्या, ओव्हन नाही. झुहुराने शेगडी देऊ केली, पण एचओएला, म्हणजे वसाहतीच्या घरमालक संघाला, लाकडी डेकवर कोळसा चालत नव्हता आणि यार्डात बर्फ होता. काकू रोज सकाळी उठून सोफा हलवत होत्या. एकदा दिवसात दोनदा हलवला.

दवाखान्यात झालेल्या स्मरणशक्तीच्या चाचणीत काकूंना सगळे शब्द आठवले. घड्याळ काढायला सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळ काढून विचारलं, पट्टा चामड्याचा काढू का? तरीही तिथल्या डॉक्टरांनी घरी येऊन स्वयंपाक पाहण्यासाठी एक थेरपिस्ट पाठवायचं ठरवलं. म्हातारी माणसं शेगडी, सुरी, गरम भांडी नीट हाताळतात का, हे पाहणं तिचं काम. तिच्या मतावर घराचं ठरणार होतं.

जानेवारीत ती आली. रेवा आदल्या दिवशी विमानाने आली होती. थेरपिस्ट तरुण होती, बूट दारात काढून आत आली. तिने सुचवलं, “समथिंग सिंपल. एग्ज अँड टोस्ट?”

“आय डोन्ट ईट टोस्ट,” काकू म्हणाल्या आणि म्बुझी उघडून जमिनीवर ठेवली.

रेवाने डोळे मिटून घेतले.

थेरपिस्ट पात्याकडे पाहत होती. काकूंनी दोन नारळ खवले, बोट कुठेही लागलं नाही, आणि हात न टेकता उठल्या. थेरपिस्टने ते टिपून घेतलं. दूध पिळलं, पहिलं वेगळं, दुसरं वेगळं. म्बाझी एका बाजूला उकळायला लागली. थेरपिस्टने मधे मधे प्रश्न विचारले: वीज गेली तर काय कराल, तेलाने पेट घेतला तर काय कराल. काकूंनी उत्तरं दिली आणि शेवटी तिला विचारलं, “यू आर मॅरीड?”

“एंगेज्ड.”

“डज ही कुक?”

“नॉट रियली.”

“देन टीच हिम टु स्विच ऑफ,” काकू म्हणाल्या. रेवाने माझ्याकडे पाहिलं.

दूध आटलं. काकूंनी भांडं ओव्हनमध्ये ठेवलं, बटण ब्रॉयलवर फिरवलं. ओव्हनवरचा लाल दिवा लागला. काही वेळाने भांडं बाहेर आलं. फडकं या वेळी त्यांनी खांद्यावर टाकलं. चार ताटल्या वाढल्या. थेरपिस्टने आधी संकोच केला, मग खायला बसली. लाल दिवा चालू होता.

रेवा पाणी घ्यायला उठली. ग्लास भरून ती ओव्हनकडे पाठ करून उभी राहिली आणि थेरपिस्टला विचारू लागली की कोलंबसमध्ये यंदा बर्फ जास्त आहे का. तिचा एक हात पाठीमागे गेला. दिवा गेला.

मी समोर बसले होते. थेरपिस्टचं लक्ष ताटलीत होतं. काकू सिंकपाशी उभ्याने जेवत होत्या, तोंड खिडकीकडे.

जेवण झाल्यावर थेरपिस्टने शेगड्या आणि ओव्हन तपासले. सगळं बंद होतं. तिने काकूंकडून म्बाझीची कृती लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला: काकू एकट्या राहू शकतात, घरी स्वयंपाक करू शकतात. रेवाने आईला मिठी मारली. काकूंनी ती थोडा वेळ मारू दिली आणि मग बाथरूम घासायला गेल्या.

पुढचे दोन दिवस त्यांनी घर घासलं. पडदे काढून धुतले. फ्रीज ओढून त्याच्या मागची भिंत पुसली. मी वर गेले की त्या काहीतरी सांगायला तोंड उघडायच्या आणि मला रिकामा डबा द्यायच्या. तिसऱ्या सकाळी रेवा बॅग भरत होती. काकूंनी स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर लावला. मी कॉफी घेत होते.

थेरपिस्टने फोन उचलला. काकूंनी आधी तिच्या होणाऱ्या नवऱ्याची चौकशी केली. मग म्हणाल्या, “दॅट डे, द ब्रॉयलर. आय डिड नॉट स्विच ऑफ. माय डॉटर डिड. प्लीज करेक्ट.”

रेवा जिन्यावरून धावत आली. “आई! व्हाय वुड यू डू दॅट?”

पलीकडून थेरपिस्ट म्हणाली की ती पुन्हा फोन करेल. काकूंनी फोन ठेवला.

“आय वॉज सेव्हिंग युअर हाउस!” रेवा म्हणाली.

“माहीत आहे.”

“तू पाहिलंस?”

“खिडकीच्या काचेत दिवा दिसतो. तुझ्या बाबांचाही दिसायचा. इतकी वर्षं त्यांना वाटायचं मला कळत नाही.”

“मग तेव्हा का नाही बोललीस? थेरपिस्ट होती तेव्हा?”

“तिच्या ताटात भात होता,” काकू म्हणाल्या. मग ओटा पुसत, “मार्चनंतरच्या शनिवारी तिथे कोण उभं राहणार होतं, रेवा? तू बॉथेलला. ही क्लीव्हलंडला.”

“देन जस्ट टर्न इट ऑफ, आई! इट्स वन बटन!”

“रोज ठरवते गं,” काकू म्हणाल्या. “भात वाढायला लागले की मी इथे नसतेच. मी बी साल्माच्या अंगणात असते.”

रेवा स्टुलावर बसली आणि रडली. काकूंनी तिच्यासमोर गार झालेल्या म्बाझीची वाटी ठेवली, चमचा ठेवला आणि स्वतः दुसऱ्या स्टुलावर बसल्या. रेवाने वाटी संपवेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

थेरपिस्टने आपलं मत बदललं. काकूंनी स्वयंपाक करायला हरकत नाही, घरात दुसरं माणूस हवं. एप्रिलमध्ये घर विकलं गेलं. मी त्याआधीच क्लीव्हलंडला गेले होते. सामान हलवायच्या दिवशी परत आले. झुहुरा येऊन गोठवलेल्या खवलेल्या नारळाची पिशवी काउंटरवर ठेवून बाहेर गाडीपाशी गेली. ती भेट नव्हती, टोमणा होता. काकूंनी ती पिशवी फ्रीझरमध्ये नव्या मालकांसाठी ठेवली आणि दारातून झुहुराला ओरडून काहीतरी सांगितलं. झुहुरा गाडीला टेकून हसत राहिली. मग तिने डोळे पुसले.

म्बुझी विमानात सामानाच्या बॅगेतून गेली. डिकीतला दगडही गेला. रेवाने विचारलं, बॉथेलमध्ये दगड नाहीत का? काकूंनी बॅगेची चेन लावली.

बॉथेलचे नारळ वाईट आहेत, असा पहिला अहवाल आला. दुसरा असा की सिएटलच्या दक्षिणेला एक सोमाली दुकान सापडलं आहे, तिथली बाई किस्मायूची आहे आणि तिला तुरीतलं काही कळत नाही. तिसरा, रेवाचा सोफा खिडकीपाशी गेला आहे.

गेल्या शनिवारी काकूंनी व्हिडिओ कॉल केला. फोन काउंटरवर कशाला तरी टेकवलेला होता, त्यामुळे ओव्हन दिसत होता आणि काकूंचं डोकं अर्धंच दिसत होतं. ओव्हनवर लाल दिवा होता. काकूंनी भांडं बाहेर काढलं, झाकण उचललं, वाफेत तोंड घातलं आणि मला म्हणाल्या, “आज बरा झालाय.” त्या वाढायला लागल्या. रेवा ओव्हनकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने बटण बंद केलं.